पहाऱ्यावरचे बाप : माशांच्या मायेमागची रसायनं

मुंबई-नाशिक महामार्गाने जाणाऱ्याला वडपे हे नाव पाठ असतं. माजिवड्याहून येणारा रुंद रस्ता इथे संपतो, इथूनच गोंद्याकडचा टप्पा सुरू होतो, आणि वाहतूक कोंडीच्या बातम्यांत या भिवंडीच्या गावाचं नाव हमखास असतं. आजूबाजूला गोदामं, कंटेनरच्या रांगा, भरावाची लाल माती आणि त्यांच्या मधे मधे टिकून राहिलेली भातखाचरं. जूनमध्ये पहिला दणदणीत पाऊस झाला की तालुक्यातल्या ओढ्यांना पाणी चढतं, कामवारीसारखी एरवी मलूल वाहणारी नदी फुगते आणि मासे प्रवाहाच्या उलट दिशेने खाचरांकडे निघतात. ठाणे, पालघर, रायगड या पट्ट्यात याला वलगण म्हणतात. त्या रात्री बॅटऱ्या, पाग आणि टोपल्या घेऊन माणसं बांधावर उतरतात. वलगणीवर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. पण ते बहुतेक पकडलेल्या माशांबद्दल आणि त्यांच्या कालवणाबद्दल. जे सुटले, उथळ पाण्यात पोचले आणि तिथे ज्यांनी अंडी घातली, त्यांचं पुढे काय होतं, हा या लेखाचा विषय.

गवताळ काठाच्या तळ्यात किंवा पाणी साचलेल्या खाणीत भर पावसाळ्यात नीट पाहिलं तर एक नारिंगी-तांबूस ढग पाण्याच्या पृष्ठभागालगत सरकताना दिसतो. ती मरळीची पिल्लं. शेकडोंचा हा गोळा एकत्र हलतो, एकत्र वळतो. पिल्लं वर आली की पाण्यावर बारीक बुडबुडे उठतात आणि सरी पडल्यासारखा तेवढाच भाग थरथरतो. गोळ्याच्या खाली, हात-दीड हात खोल, काळसर पाठीची जोडी असते. एखादा बेडूक गोळ्यात उडी मारायचा अवकाश, खालून मुसंडी येते आणि पाणी फाटतं. हा हल्ला भुकेपोटी नसतो, पिल्लांजवळ आलेल्याला हुसकावण्यासाठी असतो. गळ टाकणाऱ्या जुन्या माणसांना हे चांगलं माहीत असतं. म्हणून ते गरीला बेडूक लावून नेमका त्या तांबूस गोळ्यावर टाकतात. ज्या स्वभावामुळे पिल्लं जगतात, त्याच स्वभावामुळे आईबाप गळाला लागतात.

हा स्वभाव येतो कुठून? माशाला माया असते का, हा प्रश्न कवींवर सोपवला तरी चालेल. त्याच्या मेंदूत आणि रक्तात त्या काळात काय बदलतं, हे मात्र मोजता येतं, आणि गेल्या साठ-सत्तर वर्षांत ते बऱ्यापैकी मोजलं गेलं आहे.

संख्या की संगोपन

आपल्या ताटातले बहुतेक मासे पालक म्हणून अगदीच बेफिकीर. रोहू, कटला, मृगळ यांची मादी वजनाच्या दर किलोमागे दोन लाखांच्या आसपास अंडी सोडते, नर त्यावर शुक्रजल सोडतो आणि दोघंही निघून जातात. पापलेट, बांगडा, बोंबील यांचंही तसंच. लाखांतून चार जगले तरी वंश चालतो, असा तो हिशेब. मरळीचा हिशेब उलटा आहे. जोडी पाणवनस्पती बाजूला सारून मोकळी जागा करते, तिथे काही हजार पिवळसर, तेलकट, तरंगणारी अंडी घालते, ती दिवस-दीड दिवसात फुटतात आणि पुढचे कित्येक आठवडे दोघं पहारा देतात. मरळीच्याच कुळात वीतभर लांबीचा एक छोटा भाऊबंद आपल्या ओढ्यांत आहे. त्याचा नर अंडी तोंडात धरून उबवतो.

हाडांच्या माशांच्या चारशेहून अधिक कुळांपैकी साधारण पाचव्या हिश्श्यात कुठल्या ना कुठल्या प्रकारचं संगोपन आढळतं. या सांभाळणाऱ्यांत सर्वाधिक आढळणारी पद्धत एकट्या बापाची आहे. सस्तन प्राण्यांत गर्भ आणि दूध आईकडे असल्यामुळे बापाला बाजूला राहायची सोय मिळते. माशांत बहुधा फलन शरीराबाहेर, नराने राखलेल्या जागेत होतं. नर जागा सोडून हलत नाही, कारण तीच जागा पुढच्या मादीला बोलावणार असते. मादीला मात्र पुढची अंडी तयार करायला भरपूर खावं लागतं. तिने पहाऱ्यावर बसणं वंशाला महाग पडतं. तेव्हा राखणदारी नराच्या गळ्यात पडली आणि हळूहळू तिचं संगोपन झालं.

कुर्ल्याच्या मासळीबाजारातून शोभेचे मासे घरी आणणाऱ्यांनी हे काचेतून पाहिलेलं असतं. फायटर माशाचा नर पृष्ठभागावर फेसाचं घरटं करतो, खाली पडणारं अंडं तोंडाने उचलून परत त्यात चिकटवतो आणि मादीला जवळ फिरकू देत नाही. एंजलफिशची जोडी पानावरच्या अंड्यांना पंखांनी सतत वारा घालते, म्हणजे ताजं प्राणवायूयुक्त पाणी फिरतं राहतं, आणि बुरशी धरलेली पांढरी अंडी वेचून टाकते.

मिठाच्या कामावरचं संप्रेरक

या वारा घालण्यामागे कोण आहे याचा पहिला ठोस सुगावा प्रोलॅक्टिनने दिला. माणसात हे दूध आणणारं संप्रेरक म्हणून ओळखलं जातं. मेंदूच्या तळाशी असलेली पियुषिका ग्रंथी ते सोडते. माशाला स्तन नाहीत, दूध नाही; तरी त्याच्या पियुषिकेत प्रोलॅक्टिन आहेच. मग ते काय करतं? १९५९ मध्ये ग्रेस पिकफर्ड आणि फिलिप्स यांनी अमेरिकेत किलीफिश या छोट्या माशाची पियुषिका काढून टाकली. खाऱ्या पाण्यात तो जगला, गोड्या पाण्यात मेला. प्रोलॅक्टिन टोचल्यावर गोड्या पाण्यातही जगला. शरीरातलं मीठ बाहेर झिरपू न देणं हे माशातल्या प्रोलॅक्टिनचं मूळ काम.

पण एवढ्यावर ते थांबलं नाही. १९६०च्या दशकात फीडलर आणि ब्लूम या जर्मन संशोधकांनी डिस्कस आणि एंजलफिश यांना प्रोलॅक्टिन टोचलं, तेव्हा समोर अंडी नसतानाही मासे वारा घालू लागले. डिस्कसची गोष्ट तर आणखी पुढची. या माशाची पिल्लं पोहू लागली की आईबापाच्या अंगाला चिकटतात आणि त्यांच्या कातडीवरची बुळबुळीत साय खातात. २०१० मध्ये इंग्लंडमधल्या प्लिमथच्या गटाने ती साय तपासली. अंडी घातल्यावर तिच्यातली प्रथिनं आणि रोगप्रतिकारक द्रव्यं वाढतात, आणि तीनेक आठवड्यांनी आईबाप पिल्लांपासून लांब पळू लागतात, म्हणजे दूध तोडतात. आपल्याकडे याच सिक्लिड कुळातला एक नातेवाईक आहे. गोव्यात आणि सिंधुदुर्गात खाडीतला जो मासा कालुंदर म्हणून आवडीने खाल्ला जातो, तो भारतातल्या मोजक्या देशी सिक्लिड माशांपैकी एक. त्याची जोडी अंडी आणि पिल्लं दोन्ही सांभाळते, आणि त्याच्याच धाकट्या नारिंगी भाऊबंदाची पिल्लं आईबापाच्या अंगावरची साय टिपतात.

उत्क्रांतीने या कामासाठी नवं काही घडवलं नाही. घरात आधीच असलेला जुना गडी पाळण्यावर लावला, आणि मीठ सांभाळण्याचं कामही त्याच्याकडेच ठेवलं.

मेंदूच्या तळाशी

ऑक्सिटोसिनचं नाव आता रोजच्या वर्तमानपत्रांत प्रेमाचं संप्रेरक म्हणून येतं. नऊ अमिनो आम्लांची ही छोटी साखळी विन्सेंट द्यु विन्यो यांनी १९५३ मध्ये प्रयोगशाळेत बनवली आणि १९५५ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. माशांत याचं भावंड आहे आयसोटोसिन. नऊपैकी दोन दुवे तेवढे वेगळे. दुसरं भावंड व्हॅसोटोसिन. दोन्ही मेंदूच्या तळाकडच्या, डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या जवळच्या एका छोट्या भागातल्या पेशी बनवतात. माशांपासून माणसापर्यंत सगळ्या कणाधारी प्राण्यांत हा भाग जागच्या जागी आहे.

लॉरेन ओ'कॉनेल, मॅथ्यूज आणि हॉफमान यांनी २०१२ मध्ये मध्य अमेरिकेतल्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या सिक्लिडवर एक नेटका प्रयोग केला. या जातीत नर-मादी दोघं मिळून पिल्लं सांभाळतात. संशोधकांनी मादी काढून घेतली. एकट्या पडलेल्या बापाने तिचंही काम अंगावर घेतलं, आणि त्याच्या मेंदूतल्या आयसोटोसिन बनवणाऱ्या पेशी अधिक जाग्या झालेल्या दिसल्या. नंतर आयसोटोसिनची वाट अडवणारं औषध दिलं, तर बापाचं लक्ष पिल्लांवरून उडालं. २०१७ मध्ये इलिनॉय विद्यापीठात जस्टिन ऱ्होड्स यांच्या गटाने 'निमो' म्हणून पोरांना ठाऊक असलेल्या क्लाऊनफिशवर हेच करून पाहिलं. तिथे अंडी सांभाळण्याचा मुख्य भार नरावर असतो. आयसोटोसिन अडवलं तर त्याची निगा घटली. व्हॅसोटोसिन अडवलं तर उलट वाढली. एक रसायन अंड्यांकडे ओढतं, दुसरं बाहेरच्या शत्रूकडे. एकाच वेळी दोन्हीकडे पूर्ण लक्ष देता येत नाही, हे कोणाही पालकाला सांगायला नको.

तरीही 'एक रसायन, एक भावना' असं समीकरण मांडायचा मोह टाळला पाहिजे. गॅलेनिन नावाच्या द्रव्याचं उदाहरण घ्या. २०१४ मध्ये हार्वर्डच्या कॅथरीन दुलाक यांच्या प्रयोगशाळेने दाखवलं की उंदरांच्या मेंदूतल्या याच भागातल्या गॅलेनिन पेशी चेतवल्या तर पिल्लं मारणारा नर त्यांना चाटू लागतो. स्टिकलबॅक माशाच्या सांभाळणाऱ्या बापातही गॅलेनिनचं काम वाढलेलं दिसलं. पण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या मिडशिपमन माशात या पेशी समागमाच्या वेळी जाग्या झाल्या, अंडी राखताना नाही. तेच द्रव्य, तीच जागा, काम वेगळं.

पौरुष आणि पितृत्व

स्टिकलबॅक हा बोटभर लांबीचा, पाठीवर काटे असलेला मासा. निको टिनबर्गन यांनी त्याच्या वागण्याचा अभ्यास करून प्राणिवर्तनशास्त्राचा पाया घालायला हातभार लावला; १९७३ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. विणीच्या काळात नराच्या रक्तात ११-कीटोटेस्टोस्टेरॉन वाढतं. माशांतलं पौरुषाचं हे खास संप्रेरक. त्याच्या हुकमावर नराची मूत्रपिंडं चक्क डिंक बनवू लागतात आणि त्या डिंकाने तो पाल्याचं घरटं चिकटवतो. घरटं झालं, मादी अंडी घालून गेली, की भांडण आणि प्रणय यांचा जोर ओसरून वारा घालणं सुरू होतं. बऱ्याच जातींत या टप्प्यावर पौरुषाचं संप्रेरक उतरतं. २०१९ मध्ये ॲलिसन बेल यांच्या गटाने या नराच्या मेंदूतली जनुकं पाहिली, तेव्हा हद्दीसाठी भांडताना चढणारी काही जनुकं पिल्लं सांभाळताना उतरलेली दिसली, आणि उतरणारी चढलेली.

या उताराला एक काळी बाजूही आहे. जपानच्या किनाऱ्यावरच्या एका छोट्या ब्लेनी माशाच्या नराजवळ अंडी असेपर्यंत त्याचं पौरुषाचं संप्रेरक खाली राहतं, म्हणून त्याला नव्या मादीला रिझवताच येत नाही. अंडी भरपूर असतील तर तो निमूट सांभाळतो. अंडी फारच थोडी असतील तर सगळी खाऊन टाकतो. संप्रेरक पुन्हा चढतं आणि तो नव्याने प्रणयाला मोकळा होतो. नागासाकीच्या संशोधकांनी २०१८ मध्ये हे सिद्ध केलं. निसर्गातल्या मायेला अटी असतात, आणि या नरात ती अट संप्रेरकातून अंमलात येते.

बापाने सांभाळल्याचा ठसा पुढच्या पिढीवरही उमटतो. ज्या स्टिकलबॅक पिल्लांना बापाने अधिक निगुतीने राखलं, ती मोठेपणी कमी बुजरी निघाली, असं २०१४ च्या अभ्यासात दिसलं.

तोंडात पिल्लं, पोटात भूक

उजनी धरणात चिलापी म्हणून ओळखला जाणारा आणि भिवंडीच्या तळ्यांपर्यंत पसरलेला तिलापिया आफ्रिकेतून आलेला. मोझांबिक तिलापिया भारतात १९५२ मध्ये आणला गेला. त्याची मादी फलित अंडी तोंडात घेते आणि दहा-बारा दिवस तोंड मिटून राहते. पिल्लं पोहू लागली तरी धोका दिसताच तोंडात परत शिरतात. इतके दिवस ती जवळजवळ काही खात नाही. तोंडात अन्नासारखंच काहीतरी, पोटात भूक, आणि गिळायचं नाही! हे मेंदू कसं जमवतो? आफ्रिकेतल्याच दुसऱ्या एका सिक्लिडवर २०१२ मध्ये रसेल फर्नाल्ड यांच्या गटाने तोंडात अंडी असलेल्या माद्या आणि नुसत्याच उपाशी ठेवलेल्या माद्या यांची तुलना केली. अंडाशयं आणि रक्तातली संप्रेरकं दोघींची सारखीच मंदावली होती. त्याला उपासाचं कारण पुरत होतं. पण मेंदूतल्या रसायनांमधले बदल नुसत्या उपासाने समजावता येईनात. अंडी तोंडात असणं ही मेंदूची स्वतंत्र अवस्था होती.

या भूक-रसायनांच्या नकाशात महाराष्ट्राचा वाटा आहे. नागपूर विद्यापीठाच्या औषधनिर्माणशास्त्र विभागात प्रा. निशिकांत सुभेदार आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी मांगूर आणि तिलापिया या आपल्या बाजारातल्या माशांच्या मेंदूचे काप काढून न्यूरोपेप्टाइड वाय हे भुकेशी आणि प्रजननाशी दोन्हीकडे संबंध असलेलं द्रव्य कुठे कुठे आहे ते दाखवलं. तिलापियाच्या नराची वृषणं काढल्यावर आणि नंतर टेस्टोस्टेरॉन दिल्यावर त्या द्रव्यावर काय परिणाम होतो, हेही त्यांनी तपासलं. सुभेदार पुढे पुण्याच्या आयसरमध्ये गेले.

संप्रेरकांचं हे ज्ञान आपल्याकडे तळ्याकाठी कधीच पोचलेलं आहे. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातल्या अंगुलला हिरालाल चौधरी यांनी दुसऱ्या माशाच्या पियुषिकेचा अर्क टोचून भारतीय कार्प माशाला बंदिस्त पाण्यात अंडी घालायला लावलं. हा दिवस आता राष्ट्रीय मत्स्य शेतकरी दिन आहे. आजच्या मत्स्यबीज केंद्रात त्या अर्काऐवजी तयार इंजेक्शन असतं. त्यात दोन गोष्टी असतात : प्रजननाचा आदेश देणाऱ्या मेंदूतल्या संप्रेरकाची नक्कल, आणि डोपामिनला अडवणारं औषध, कारण माशाच्या मेंदूत डोपामिन त्या आदेशाला लगाम घालतं. तिलापियाच्या बाबतीत उलटी अडचण. आई पिल्लं इतकी नीट जगवते की तळं पिल्लांनी भरतं आणि एकही मासा वाढत नाही. म्हणून बीज केंद्रात पिल्लांना सुरुवातीचे तीन-चार आठवडे मेथिलटेस्टोस्टेरॉन मिसळलेलं खाद्य देऊन सगळे नरच केले जातात.

खाडीत आणि समुद्रात

वडप्याहून भिवंडी ओलांडून खाली काल्हेर-कशेळीकडे गेलं की खाडी लागते. तिथल्या चिखलात निवटी नावाचा मासा राहतो. मुंबईत १९६० च्या दशकाअखेरीस मुत्सद्दी आणि बाळ या आडनावांच्या अभ्यासकांनी निवटीच्या सवयी आणि आहार यांचा अभ्यास केला होता. निवटीच्या जपानी भाऊबंदावर इशिमात्सु यांच्या गटाने २००७ मध्ये केलेलं काम वाचून थक्क व्हायला होतं. चिखलातल्या बिळात प्राणवायू जवळजवळ नसतो. अंडी बिळाच्या वर वळलेल्या कोठीच्या छताला चिकटवलेली असतात. नर ओहोटीच्या वेळी वर येतो, तोंडात हवा भरतो, खाली नेऊन कोठीत सोडतो आणि पुन्हा वर येतो. अंडी पाण्यात नव्हे, हवेत वाढतात. ती पिकली की रात्रीच्या भरतीला तोच नर कोठीतली हवा तोंडाने बाहेर काढून टाकतो, पाणी आत शिरतं आणि पिल्लं फुटतात.

शिंगाळ्याचा नर समुद्रात अंडी राखायचं काम तोंडातच करतो. त्याची अंडी सेंटिमीटरभर किंवा त्याहून मोठी, माशांच्या अंड्यांत सगळ्यात मोठ्यांपैकी. ती थोडीच असतात. नर ती तोंडात घेऊन उपाशी फिरतो. अशा नरांचे थवेच्या थवे पर्ससीन जाळ्यात सापडू लागले, तेव्हा एकेका ओढीत बापही गेले आणि पिढीही. कर्नाटक किनाऱ्यावर १९८० च्या सुमारास केंद्रीय समुद्री मत्स्य संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी याची नोंद करून इशारा दिला होता. समुद्रघोड्याचा नर तर पोटावरच्या पिशवीत गर्भ वाढवतो. त्याला २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे.

मग आपण काय करायचं?

आपली मासेमारीची शिस्त अंडी सोडून निघून जाणाऱ्या माशांच्या हिशेबाने बेतलेली आहे. जून-जुलैची समुद्रातली बंदी अंडी घालायला मोकळीक देते, आणि पापलेटसारख्या माशाला तेवढी उपयोगी पडते. सांभाळणाऱ्या माशाला अंडी घातल्यानंतरचे आठवडेही लागतात. त्या आठवड्यांत आईबाप पकडले तर पिल्लं पकडायची गरजच उरत नाही. ती बेडकांच्या, बगळ्यांच्या आणि इतर माशांच्या पोटात जातात. पिल्लं राखणाऱ्या जोडीच्या अंगातलं प्रोलॅक्टिन आणि आयसोटोसिन तिला तिथून हलू देत नाही. म्हणून ती मारायला सगळ्यात सोपी असते.

तेलंगणाने मरळीला राज्य मासा केलं, महाराष्ट्राने पापलेटला. मान कुणाला द्यायचा हा राज्याचा प्रश्न. मरळीला जगायला जागा देणं हा गावाचा आहे. वडप्यासारख्या गावात भरावाखाली जाणारी खाचरं सगळी वाचणार नाहीत, हे उघड आहे. पण गावतळी ग्रामपंचायतीच्या आणि मच्छीमार सहकारी संस्थांच्या हातात आहेत. तळं साफ करताना काठाचं गवत सगळं न उपटता एक बाजू तशीच ठेवायची, तळ्यात तिलापिया सोडायचा नाही, आणि जुलै ते सप्टेंबर पिल्लांच्या तांबूस गोळ्यावर गळ किंवा पाग टाकायचा नाही, एवढे तीन नियम ठरावाने लावता येतात. त्याला ना निधी लागतो, ना मंत्रालयाची परवानगी. येत्या पावसाळ्याआधीच्या ग्रामसभेत हा ठराव मांडा.